लाखेचा आठवा थर

आकुर्डी, ४ फेब्रुवारी १९५७, सोमवार
आजपासून रोज लिहायचं. शोध लागतो तेव्हा नोंद असलेली बरी.
अक्काला, माझ्या थोरल्या बहिणीला, क्षय. डॉक्टरांची पी.ए.एस.ची पूड घेतली की पोटात आग, लगेच उलटी. कंपनीत मी त्याच औषधाच्या गोळीवर लाखेचे थर चढवतोय. गोळी पोटात शाबूत राहावी, आतड्यात विरघळावी. आमचे सुपरवायझर दौलतराव म्हणतात, पाच थर पुरेत. जुन्या वळणाचा माणूस.

६ फेब्रुवारी
आठ थर दिले. काय चकाकी! दोन तास ॲसिडात ठेवली, केसभर फरक नाही. पास! दौलतराव म्हणाले, आता सोड्याच्या पाण्यात ठेवून बघा, आतड्यात विरघळते का ते कळेल. तास-दोन तासांचं काम, आणि कंपनीची गाडी साडेपाचला सुटते. उद्या नक्की.

१० फेब्रुवारी, रविवार
ट्रायल बॅचमधल्या गोळ्या घरी आणल्या. कुणाला विचारलं नाही. विचारलं की फाटे फुटतात. डॉक्टरांची पूड बंद, माझ्या गोळ्या सुरू. सकाळी सहा गोळ्या, संध्याकाळी सहा. अक्का म्हणाली, ज्योत्या, तुझ्या हातची हाय न्हवं, मग गुण येनारच.

१३ फेब्रुवारी
एकही उलटी नाही! अक्का अख्खी भाकरी जेवली. डॉक्टरांना सांगितलेलं नाही, उगाच मनाला लावून घेतील. सोड्याच्या पाण्याचं उद्या.

१९ फेब्रुवारी
ताप १०१. हवा बदलतेय.
जेवताना बायको, मंजुळा, म्हणाली, वन्संच्या परसाकडच्या भांड्यातलं तुमास्नी जरा दाखवायचंय. ताटावर बसून असले विषय! मी तिला सांगितलं, डोक्याचं काम करणाऱ्याला घरात शांतता लागते.

२५ फेब्रुवारी
ताप १०२. खोकल्यातून रक्त. डॉक्टर बुचकळ्यात पडले. औषध चालू आहे ना, म्हणाले. चालू आहे म्हटलं. यात खोटं काय?
मंजुळा पुन्हा तेच काढत होती. हात जोडले तिला.
थर नऊ करावेत का?

१ मार्च, शुक्रवार
कालपासून अक्काला गोळी गिळवत नाही. सकाळी दवाखान्यात हलवलं. घरी आलो तर मंजुळानं खोबरेलाचा रिकामा डबा हातात दिला. आत माझ्या गोळ्या. धुतलेल्या, पुसलेल्या.
मोजल्या. दिल्या होत्या दोनशे सोळा, डब्यात दोनशे चार. म्हटलं, म्हणजे बारा तरी विरघळल्या!
मंजुळा म्हणाली, न्हाई वो, त्या पैल्या दिवसाच्या, मी फेकून दिल्या. मंग वन्संच म्हनल्या, ज्योत्यानं केल्यात, टाकू नगंस, धुऊन ठेव.
मला रडू आलं. मंजुळासमोरच.
डॉक्टरांना जाऊन सगळं सांगितलं.
परत येऊन एक गोळी सोड्याच्या पाण्यात टाकली, सव्वातीनला. आता साडेपाच. चकाकी तशीच आहे.