ठके, अगं हळू

प्रिय ताई,

पत्र बघून तू घाबरशील, म्हणून आधीच सांगते, घरी सगळे ठणठणीत आहेत. कुणाला काही झालेलं नाही. झालंय ते मलाच, आणि त्यावर औषध नाही. फोन हाताशी असताना ही बया कागद घेऊन का बसली, असं तू भावजींना विचारशील. गेले काही आठवडे मी तुझे फोन उचलत नाही हे तुझ्या लक्षात आलंय, मला माहीत आहे. मी 'रेकॉर्डिंगमध्ये आहे, मग करते' असा मेसेज टाकते आणि मग करतच नाही. तू रागावतही नाहीस. उलट, फार बोलू नकोस, कोमट पाण्यात मीठ टाकून गुळण्या कर, पंख्याखाली झोपू नकोस, असलं काहीबाही लिहून पाठवतेस. ते वाचून मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. ताई, मला तुला तोंड दाखवायची लाज वाटतेय. एवढंच कर, पत्र मधेच चुरगाळून टाकू नकोस. शिव्या घालत वाच, पण शेवटपर्यंत वाच. शेवटी एक कामाची गोष्ट आहे, ती राहून जायला नको.

आपल्या वाहिनीचं काय चाललंय, असं तू दर वेळी विचारतेस. तू सोडून गेलीस, म्हणजे तुला घरी बसवलं, तेव्हापासून दारावरची पाटी दोनदा बदलली. आधी त्या मोठ्या कंपनीने आपल्याला घेतलं. मग त्या मोठीला आणखी मोठीने घेतलं. सलाम नक्की कुणाला ठोकायचा ते एकदा लिहून द्या म्हणून वॉचमनमामा सगळ्यांना छळतात. कॅन्टीनमध्ये दोन कंपन्यांची माणसं दोन टोकांना बसतात, आणि आपली कुणाची खुर्ची राहणार हे कुणालाच ठाऊक नसल्यामुळे सगळे एकमेकांशी फार गोड बोलतात. या नव्या मालकांची मुलांची वाहिनी आधीपासून आहे, ती सशाची. आपली कासवाची. एका घरात दोन दोन मुलांच्या वाहिन्या कशाला, असं कुणीतरी वरच्या मजल्यावर म्हणालं, आणि ठरलं. ससा-कासवाच्या शर्यतीत कासव जिंकतं असं आपण लहानपणी ऐकलं होतं. इथे सशाच्या मालकाने कासवच विकत घेतलं. आपली वाहिनी या महिनाअखेरीस बंद होतेय. हे तुला पेपरातून कळलंच असेल.

कासव मात्र बंद होत नाहीये. दप्तरांवर, टूथब्रशवर, उशांच्या अभ्र्यांवर आपल्या कासविणीचं, झटपटीचं चित्र अजून खपतं, त्यामुळे ती त्यांना हवी आहे. ती आता त्यांच्या अ‍ॅपवर जाणार, पहिल्या भागापासून सगळी. पेपरात एवढंच आलं होतं. पुढचं मी सांगते, पण त्याआधी मला जरा मागे जाऊ दे. एकदम सांगायचा धीर होत नाहीये.

ती पहिली खोली आठवते? भिंतींना गोधड्या ठोकलेली, पंखा लावला की आवाज यायचा म्हणून पंखा बंद, आणि तू घामाने निथळत कायम घाईत असलेल्या कासविणीचा आवाज काढायचीस. मी कोपऱ्यात वायरींच्या वेटोळ्यावर बसलेली. तू जाशील तिथे मी, म्हणून रेकॉर्डिस्टदादांनी माझं नाव शेपूट ठेवलं आणि मग घरीदारी तेच झालं. त्या दिवशी आजी कासविणीचं काम करणाऱ्या बाई आल्याच नाहीत, आणि तू डबा विसरलीस म्हणून आई नेमकी तो द्यायला आली होती. दादांनी तिलाच स्टुलावर बसवलं. एकच वाक्य आहे, म्हणाले, वाचून टाका. आईने माइकचा दांडा बसमधल्या दांड्यासारखा घट्ट धरला होता. कागदावर होतं, झटपटी, सावकाश चाल. आईने कागदाकडे पाहिलंच नाही, काचेपलीकडे तुझ्याकडे पाहिलं. तू घाईघाईने पुढची पानं चाळत होतीस. आणि ती म्हणाली, ठके, अगं हळू, पडशील.

घरी तुला दिवसातून दहा वेळा म्हणायची तसंच. दादा हसून हसून खुर्चीतून पडायचे बाकी राहिले. आई ओशाळली, पुन्हा म्हणते म्हणाली, पण त्यांनी पुन्हा घेऊ दिलं नाही. पुढच्या आठवड्यापासून लेखकाने आजीच्या तोंडी कायमचं ठके घातलं, आणि बघता बघता घराघरांतली पोरं एकमेकांना ठके, अगं हळू म्हणायला लागली. आईला ते शेवटपर्यंत खरं वाटलं नाही. रस्त्यात कुणाच्या मुलाने तसं म्हटलं की ती दचकून तुलाच शोधायची. सारखी पडून गुडघे फोडून घेणाऱ्या तुझं घरातलं नाव असं सगळ्यांचं झालं.

आणि मी? आपल्या दोघींचा आवाज म्हणजे एकच, हे ऐकत मी मोठी झाले. तुझं लग्न ठरल्यावर भावजी फोनवर तू समजून अर्धा तास माझ्याशीच काय काय गोड बोलत होते, आणि मी हुं हुं करत होते. ते आठवून आपण किती हसलोय. पण ताई, सगळे म्हणायचे, अगदी ताईसारखा आवाज हं, आणि मग माइक तुलाच द्यायचे. माझ्या वाट्याला आलं वाहिनीतलं किरकोळ काम, आणि बँकेच्या फोनवरचं, खात्यातील शिल्लक जाणून घेण्यासाठी एक दाबा. तू मात्र ओळखीपाळखीच्या सगळ्यांना सांगायचीस, बँकेत फोन लावा, माझी बहीण बोलते. तू स्वतः उगाच बँकेत फोन लावून ऐकत बसायचीस. मला तेव्हा ते आवडायचं नाही. तू मला चिडवतेस असं वाटायचं. आता कळतं की तू खरंच खूश होतीस, आणि ते कळून जास्तच वाईट वाटतं.

आता सांगते. नव्या कंपनीच्या बाईंनी मला बोलावलं. तुझ्या जुन्या करारात तुझा आवाज 'या वाहिनीवर' वापरायचा असं लिहिलंय. अ‍ॅपचा त्यात उल्लेख नाही, तेव्हा अ‍ॅप होतं कुठे. म्हणजे तुला पुन्हा विचारायला हवं, नवा करार करायला हवा, आणि तू काही मागू शकतेस. त्यांच्या वकिलांना ते नको होतं. त्यापेक्षा तसाच आवाज असलेलं दुसरं कुणीतरी घ्या आणि जुने सगळे भाग नव्याने बोलून काढा, हे त्यांना सोपं वाटलं. त्यांनी विचारलं तेव्हा मी विचार करायला वेळ मागितला, असं लिहायला मला फार आवडलं असतं. मी वेळ मागितला नाही. मी त्या बसल्या खुर्चीतच झटपटीचं एक वाक्य म्हणून दाखवलं. त्या बाईंनी टेबलावरची पेन्सिल खाली ठेवली आणि हसल्या, आणि मला ताई, मला इतकं बरं वाटलं.

घरचे हप्ते आहेत, पोरांच्या फिया आहेत, ही कारणं मी नवऱ्याला सांगितली. तुला सांगणार नाही. मला ते हवं होतं. एकदा तरी माइक मला मिळायला हवा होता.

तेव्हापासून मी रोज तुझा आवाज पुसतेय. तू मला म्हणाली होतीस, तू तिथेच असतेस, जरा कानोसा घे, अ‍ॅपसाठी मला बोलावणार आहेत का ते बघ. मी मेसेज टाकला, अजून विचार चाललाय त्यांचा. असं मी एकदा नाही, बरेचदा लिहिलं. आणि तू तिकडे सकाळ-संध्याकाळ गुळण्या करून घसा तयार ठेवतेयस. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच, आणि मी तर खरोखरचा गळाच कापला. एका कानात तुझा जुना आवाज लावून देतात. तू जिथे श्वास घेतलास तिथे मी घ्यायचा, तू जिथे हसलीस तिथे हसायचं. कुठल्या भागात तुला सर्दी होती, कुठल्या दिवशी तू भावजींशी भांडून आली होतीस, सगळं मला कळतं. तो नवा रेकॉर्डिस्ट म्हणतो, तुम्ही इतकं हुबेहूब कसं करता. मी म्हणते, सवय आहे.

आणि एक बदल आहे. ठकी काढायची. मोठ्या मालकांची एक बाहुली आहे, तिचं नाव जवळपास असंच आहे, आणि एका घरात दोन सारखी नावं विकली जात नाहीत म्हणे. जिथे जिथे ठके येतं, तिथे झटपटी म्हणायचं. मी मान डोलावली. मला वाटलं, चला, एक शब्द तर आहे.

मागच्या आठवड्यात तो भाग आला. मी विसरलेच होते गं. कानात तू धापा टाकत पळत होतीस, मी तुझ्यावरून माझं बोलत होते, आणि एकाएकी आई बोलली. ठके, अगं हळू, पडशील. इतकी जवळ, कानाशी. मागे त्या स्टुलाचं करकरणंसुद्धा होतं. ती गेल्यापासून मी तिचा आवाज ऐकलेला नाही. आपल्याकडे तिचे फोटो ढीगभर आहेत, पण आवाज कुठेच नाही. कुणी भरून ठेवायचा विचारच केला नाही, दोघी आवाजाचंच काम करत असून. मी पाणी मागितलं. तो पोरगा भला आहे, त्याने पंधरा मिनिटं सुट्टी दिली. मग म्हणाला, आजीचं हे एकच वाक्य दुसऱ्याच कुणाचं तरी दिसतंय, एका वाक्यासाठी आजीचं काम करणाऱ्या बाईंना कशाला बोलवायचं, तुम्हीच टाकता का.

मी टाकलं. उठून निघून जाता आलं असतं, दार तिथेच होतं. मी माइकसमोर उभी राहिले आणि आईसारखी म्हणाले, झटपटी, अगं हळू, पडशील. पहिल्याच वेळी बरोबर आलं. त्याने काचेपलीकडून टाळ्या वाजवल्या. ताई, मी तुझी जागा घेतली याची लाज होतीच, ती गिळून मी रोज कामाला जात होते. पण आईच्या तोंडातून मी तुझं नाव काढून घेतलं, ते काही गिळलं जात नाहीये.

नंतर मी चौकशी केली, जुन्या टेपांचं काय होणार. त्या कुठल्याशा गोदामात जाणार आहेत. तिथून काही मागवायचं तर तीन साहेबांच्या सह्या लागतात आणि त्यातला एक साहेब अजून नेमलेलाच नाही. मग मी वेळापत्रकाच्या काकांकडे गेले. तेच, कायम जांभया देणारे, ज्यांना आपण घड्याळकाका म्हणायचो. वाहिनी बंद होईपर्यंत कुठला कार्यक्रम किती वाजता दाखवायचा ते अजून तेच ठरवतात, त्यांनाही महिनाअखेरीस घरी जायचंय. त्यांना मी सगळं सांगितलं. पहिल्यांदा कुणाला तरी सगळं सांगितलं. ते चष्मा पुसत बसले. मला बस असंही म्हणाले नाहीत. शेवटी म्हणाले, तुझ्यासाठी नाही करत, तुझ्या ताईसाठी करतो. शेवटच्या दिवशी कुणी जाहिराती देत नाही, वरून कुणी बघतही नाही, काय लावायचं ते माझ्या हातात आहे.

तर कामाची गोष्ट ही. येत्या रविवारी संध्याकाळी साडेपाचला टीव्ही लाव, आपलीच वाहिनी. तो भाग लागेल, जुनाच, तुझ्या आवाजातला. तो संपला की वाहिनी बंद. भावजींना मोबाइल हातात घेऊन शेजारी बसव, सगळं भरून घ्यायला सांग, खोलीत कुणाला बोलू देऊ नकोस. मी काम सोडलं असं लिहायला हात शिवशिवतोय, पण सोडलेलं नाही, आणि आता निदान या कागदावर तरी खोटं नको. हे सगळं फोनवर का नाही सांगितलं, तर मी तोंड उघडलं असतं आणि तुला तुझाच आवाज ऐकू आला असता. तो मी घेतलाय, आणि तुझ्याच आवाजात तुझी माफी मागायला माझी जीभ रेटत नाही. माफ कर असंही मी म्हणत नाही. फक्त रविवारी घरी थांब. माझा आवाज आईसारखा लागतो, तुझ्यासारखा लागतो, पण त्या हाकेला ओ मला देता येत नाही. ती मला कधी मारलेलीच नव्हती. साडेपाचला आई तुला हाक मारेल, ताई. तू ओ दे.

तुझीच,
शेपूट