काचेवरची फिल्म

मंगळवार, ४ मार्च

कॉम्प्युटर हवाय. साधासुधा नाही, गेमिंगचा! तोही तयार नको, सुटे भाग आणून जोडलेला. आणि जोडायचा कुणी? मी!

झिपरीनं हे जेवताना सांगितलं, ताटातून मान वर न काढता. तिच्या आईनंच तिचं नाव झिपरी पाडलंय, केस कायम डोळ्यांवर असतात म्हणून. म्हटलं, "अगं, मी किचनच्या ट्रॉल्या बसवणारा माणूस. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही." तर म्हणते कशी, "ट्रॉल्या काय जन्मतःच येत होत्या?" आईवर गेलीय, दुसरं काय.

हो म्हणून बसलो. का म्हणालो ते इथे लिहायला हरकत नाही, इथे कोण वाचतंय! परीक्षा झाली की ती ठरवणार आहे — पुढचं शिक्षण इथे घ्यायचं, की तिच्या पप्पांच्या शहरात जायचं. त्यांनी बोलावलंय. मोठी शाळा आहे, स्वतंत्र खोली देणार आहेत. ही म्हणते, "तिचं तिला ठरवू दे. आपण मध्ये पडायचं नाही." बरोबरच आहे. पण मला ती जायला नकोय. ती दुसरीत होती तेव्हा मी हिच्याशी लग्न करून या घरात आलो. अजून ती मला कशानंच हाक मारत नाही. काका नाही, बाबा नाही. "ऐका ना" — संपलं. तरीही नकोय.

घरात एखादी अशी वस्तू असली, की जी सोडून जायला पाय उचलणार नाही... बघू.

गुरुवार, ६ मार्च

कॉम्प्युटरच्या दुकानात गेलो. डोकं भणभणलं.

दुकानदार जाड भिंगांचा चष्मेवाला. बोलताना श्वास घ्यायला थांबत नाही. "कुठल्या गेमसाठी हवाय?" म्हटलं, "गेमसाठी म्हणजे... खेळायला." एखादं गिऱ्हाईक मला "किचन स्वयंपाकासाठी हवंय" असं सांगतं तेव्हा मी ज्या नजरेनं बघतो, त्याच नजरेनं त्यानं माझ्याकडे बघितलं.

प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, ग्राफिक्स कार्ड. याच्यावर तो बसत नाही, तो बसला तर पॉवर सप्लाय पुरत नाही. "आणि कॅबिनेट कुठलं?" म्हणाला तेव्हा जीव भांड्यात पडला — म्हटलं, आता आलात माझ्या वाटेला! तर यांचं कॅबिनेट म्हणजे हे सगळं ज्यात कोंबायचं तो पत्र्याचा डबा. त्याला एका बाजूनं काच. काच कशाला? "आतले लाइट दिसायला." लाइट कशाला? "गेमिंग आहे ना, काका!"

हात हलवत परत आलो.

रविवार, ९ मार्च

आज झिपरीलाच घेऊन गेलो. वाटलं होतं, दिसेल ते मागेल. कसलं काय! "लाइट नकोत. डोळ्यांना त्रास होतो." कुणाच्या डोळ्यांना? हिला तर समोरच्या गच्चीवरचं कबुतर कुठल्या रंगाचं ते दिसतं! कीबोर्ड घेतला तो मोठ्या अक्षरांचा, आजोबांना घ्यावा तसा. चष्मेवाला सुद्धा गांगरला. "ताई, यावर गेम खेळणारं कुणी मी अजून पाहिलं नाही." ताई म्हणाल्या, "आता बघाल."

मला काही टोटल लागेना. माझ्यावर दया म्हणून स्वस्तातलं घेत असेल का? पण ग्राफिक्स कार्डाला मात्र तिनं हूं की चूं केलं नाही, चांगलं घसघशीत घेतलं.

बुधवार, १२ मार्च

ही भडकली आज. माझ्या चपलेचा अंगठा पुन्हा शिवून आणलेला बघितला. "स्वतःला चपला घ्या म्हटलं की ऐकू येत नाही, आणि पोरीच्या डब्याला तीन-तीन पंखे!"

तीन पंखे लागतात म्हणे.

शनिवार, १५ मार्च

झिपरी मोबाइल घेऊन आली. त्यात कसलंसं घर काढलेलं, चौकोनी चौकोनी ठोकळ्यांचं. "ऐका ना, ओटा खिडकीखाली बरा की आतल्या भिंतीला?" म्हटलं, खिडकीखाली. उजेड पडतो, वाफ बाहेर जाते. पण खिडकीची चौकट ओट्याच्या वर वीतभर तरी हवी, नाहीतर खिडकी उघडताना झडप नळाला अडते. हे सगळं तिनं नीट ऐकून घेतलं! शाळेचं काही आहे का विचारलं, तर "असंच."

मग गॅलरीत जाऊन पप्पांना फोन. त्यांच्याशी बोलताना तिचा आवाजच वेगळा होतो. "अरे पप्पा, आला का रे? केवढा आहे? मस्त! नको, तू नको लावूस, मी आल्यावर लावू."

काय आला असेल? पलंग? कपाट? आणि "मी आल्यावर" म्हणजे सुट्टीत, की...

मला ऐकायचं नव्हतं. पण गॅलरीच्या दाराचं बिजागर मीच इतकं छान बसवलंय, की ते वाजत नाही.

रविवार, १६ मार्च

जोडला! अख्खा!

सकाळी जेवणाचं टेबल रिकामं केलं, वर जुनी चादर टाकली, स्क्रू वाट्यांमध्ये वेगवेगळे ठेवले. झिपरी स्टुलावर पाय वर घेऊन बसली. म्हणाली, "मी बोट लावणार नाही. सगळं तुम्हीच करायचं." नुसती मोबाइलवर बघून सांगत होती — हे इकडे, ते तिकडे, जोर नका लावू, आता लावा जोर. रॅम बसताना कट्‌ असा आवाज येतो, माझ्या छातीत तेव्हाच कट्‌ झालं. मध्येच विचारते, "हे पुन्हा तुम्हाला एकट्याला उघडता येईल का?" उघडायचं कशाला म्हणे आता? नुकतं तर लावतोय!

प्रोसेसरवरचा पंखा लावायच्या वेळी ती अभ्यासाला उठली. तो मी एकट्यानं बसवला. खाली ती उष्णता ओढून घेणारी पेस्ट लावली, चारी स्क्रू आलटून पालटून आवळले, वर लेव्हल ठेवून बघितली. बुडबुडा बरोबर मधोमध.

फिल्म मात्र मी कुठलीच काढली नाही. आमच्या धंद्यातला नियम — नव्या मालावरचं प्लास्टिक आपण काढायचं नाही, गिऱ्हाइकानं काढायचं. एक तर नंतर चरा निघाला तर तो आपल्या माथी येत नाही. आणि दुसरं म्हणजे वस्तू त्या क्षणी त्याची होते. काचेवरची, पुढच्या पट्टीवरची, जिथे जिथे होती ती फिल्म तशीच राखली. झिपरीनं स्वतःच्या हातानं काढावी. सर्रकन फिल्म निघते तेव्हा माणसाच्या तोंडावर जे येतं, ते मला तिच्या तोंडावर बघायचंय.

संध्याकाळी बटण दाबलं. लागला! ही टाळ्या वाजवायला लागली. झिपरीनं गेम लावला, पंखे घोंघावले — आणि फट्‌. बंद. पुन्हा लावला. पुन्हा फट्‌.

सोमवार, १७ मार्च

फट्‌.

बुधवार, १९ मार्च

चष्मेवाल्याला फोन केला. म्हणाला, "तापतोय. पंखा नीट बसवलाय ना?" म्हटलं, लेव्हल लावून बसवलाय! मग म्हणाला, "घेऊन या."

तर झिपरी म्हणते, "दुकानात न्यायचा नाही. तुम्हीच शोधा." अगं पण का? "असंच." हे "असंच" ऐकून ऐकून माझं डोकं फिरायची वेळ आलीय. माझी परीक्षा बघतेय का ही? तिकडे पप्पांकडे सगळं चकाचक असणार, इकडे माझा डबा फटाफट बंद पडतोय. कुठे राहायचं ते ती यावरून तर ठरवणार नाही ना?

तिच्यावर ओरडलो. आज पहिल्यांदा. "मला नाही जमत हे! समजतेस काय तू मला?" ती खोलीत गेली. मी न जेवताच उठलो.

शुक्रवार, २१ मार्च

हात जोडून पुन्हा उघडायला बसलो. ती आपणहून स्टूल घेऊन आली. मी ओरडल्याचा विषय तिनंही काढला नाही, मीही नाही.

पंखा सोडवला. उलटा केला. चष्मा लावला — रविवारी लावला नव्हता, स्क्रू काय मी हातानंच ओळखतो. आणि बघतो तर पंख्याच्या बुडाला, बरोबर जिथून उष्णता वर जायला हवी तिथे, स्वच्छ पारदर्शक प्लास्टिक! त्यावर इंग्रजीत छापलंय, बसवण्याआधी काढा. पेस्ट त्या प्लास्टिकवर लावलेली!

झिपरी आ वासून बघत राहिली. "तुम्ही... ही फिल्म... का नाही काढली?"

म्हटलं, "गिऱ्हाइकानं काढायची असते."

अशी हसली, अशी हसली! स्टुलावरून खाली उतरून फरशीवर बसली आणि पोट धरून हसली. आई धावत आली, काय झालं म्हणून. तिला सांगता येईना. "गिऱ्हाइकानं..." म्हणायची आणि पुन्हा सुटायची. मग मलाही आवरेना. या घरात आम्ही दोघं एकाच गोष्टीला असं कधी हसलो होतो, मला आठवत नाही.

फिल्म काढून पुन्हा बसवला. चालला. चालतच राहिला.

मी म्हटलं, आता काचेवरची तू काढ, ती तुझी. ती काचेकडे बघत राहिली. म्हणाली, "राहू दे."

का पण?

रविवार, ३० मार्च

परीक्षा चालू. कॉम्प्युटरला हात लावत नाही. फिल्म तशीच.

शनिवार, ५ एप्रिल

जातेय.

सकाळी चहाच्या वेळी सांगितलं. आधी आईला सांगितलं असणार, हिचे डोळे सुजले होते. "शाळा चांगली आहे. आणि सुट्टीत येईनच ना." मी म्हटलं, "बरं." मग उठून स्वयंपाकघरातल्या खालच्या ट्रॉलीचा स्क्रू आवळत बसलो. तो सैल नव्हता.

मला वाईट वाटलं. खूप वाटलं. दुसऱ्या शब्दात कशाला लिहू.

शनिवार, १२ एप्रिल

तिचे पप्पा आले, घेऊन गेले. सभ्य माणूस. त्यांचा राग यावा असं त्यांच्यात काहीच नाही, हीच पंचाईत.

काल मी कॉम्प्युटरसाठी खोका शोधून ठेवला होता, आत थर्माकोल घालून. म्हटलं, नीट बांधून देतो, धक्का लागणार नाही. तर म्हणाली, "नको. इथेच राहू दे. पण माझ्या खोलीत नको. बाहेर तुमच्या खुर्चीजवळ ठेवा." मग तिनं स्वतःच सगळं बाहेर आणून लावलं, वायरी मागून घेतल्या, कीबोर्ड माझ्या खुर्चीसमोर ठेवला. हेडफोन खिळ्याला अडकवला. इतकं राबून शेवटी तो तिला नकोच होता! मग हट्ट कशासाठी केला? आणि माझ्याकडूनच का जोडून घेतला?

हिला विचारलं. म्हणाली, "मला काय विचारता? तिला विचारा." आणि तोंड फिरवून हसली की रडली, कळलं नाही.

जाताना दारात थांबली. "ऐका ना..." म्हणाली. मी थांबलो. मग म्हणाली, "काही नाही. फोन करते."

रविवार, १३ एप्रिल

कॉम्प्युटरवर टॉवेल टाकला. बघवत नाही.

सोमवार, १४ एप्रिल

संध्याकाळी तिचा फोन. आईला नाही, मला.

"ऐका ना, काचेवरची फिल्म काढली का?"

म्हटलं, "ती तुझी आहे. सुट्टीत आलीस की काढ."

"अहो, गिऱ्हाइकानं काढायची ना? मग काढा की! तो तुमचाच आहे. माझा इथे आहे, पप्पानं मागच्याच महिन्यात आणलाय. तुम्हाला आधी सांगितलं असतं तर घेतला असता का? चपला तरी घेता का स्वतःला? आणि बंद पडला तर आता उघडता येतो ना तुम्हाला? मग! मी गेममध्ये घर अर्धं बांधून ठेवलंय. ओटा खिडकीखाली घेतलाय. ट्रॉल्या कोण बसवणार? या लवकर. अंधार पडला की त्यात भुतं येतात."

टॉवेल काढला. फिल्म काढली. सर्रकन निघाली. कुठे चरा नाही.

हेडफोन कानाला लावला, ती सांगेल तसा गेम लावला आणि पहिल्याच मिनिटाला त्यात मेलो. पुन्हा उभा राहिलो तर कानात ती ओरडतेय — "अरे पळ ना, पळ! मागे काय बघतोस!"