बिगुलवाल्याचा कोट

दि. ४ जानेवारी

चि. बटण यास ताईचे अ. उ. आ.

तू आजोबा झालास तरी मी तुला बटण म्हणते म्हणून सूनबाई हसते, तर हसू दे. बाबांच्या डब्यातलं पितळी बटण गिळून घरादाराला घोर लावलास, ते नाव आता सुटायचं नाही.

कामाचं लिहिते. पेपरातलं कात्रण सोबत आहे. बाबा ज्या पलटणीचे शिंपी होते, तिचं पुस्तक निघतंय आणि त्यात हा जुना ग्रुप फोटो छापणार आहेत. मागच्या रांगेत उजव्या टोकाला बघ. मान किंचित कलती, जणू पुढच्याच्या खांद्याची शिवण तपासतोय. हे आपले बाबा. लग्नाआधीचे, मिशी नसलेले, पण बाबाच. आणि खाली नाव कुणाचं? बिगुलवाल्याचं!

मी तडक पलटणीच्या संग्रहालयात गेले. तिथे एक निवृत्त मेजर बसतो, माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाचा. बालवाडीतल्या मुलाला समजवावं तसं त्याने मला समजावलं. टोपीवरून हुद्दा कळतो, फितीवरून लढाई कळते, बाहीवरच्या बिल्ल्यावरून काम कळतं. या माणसाच्या बाहीवर बिगूल आहे, म्हणून तो बिगुलवाला. शिंपी काही सैनिक नव्हे, तो फोटोत येईलच कसा? वर म्हणाला, आज्जी, गणवेश खोटं बोलत नाही. मी म्हटलं, गणवेश बोलतच नाही, आतल्या माणसाचं काय ते बघा. त्यावर त्याने मला प्यायला पाणी दिलं.

फेब्रुवारीअखेर पुस्तक छापायला जाईल. बाबांनी जन्मभर त्या पलटणीचे कपडे शिवले, आणि एकदाच फोटोत सापडले तेही दुसऱ्याच्या नावावर? मला हे चालणार नाही. तू शेवटपर्यंत बाबांच्या शिलाईच्या दुकानात होतास. भिंग घेऊन नीट बघ. गुडघ्यांची सबब सांगू नकोस, बघायचं डोळ्यांनी आहे.

तुझा माझ्यावर लोभ आहेच. तो उलट टपाली दिसावा.

तुझी,
ताई

दि. ११ जानेवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. वाचून मेजरची दया आली. बिचाऱ्याला वाटलं असेल, पाणी प्यालीस की थंड होशील.

आधी तुला न आवडणारं सांगतो. बिल्ला बिगुलाचाच आहे आणि कोट बिगुलवाल्याचाच. पण आतल्या माणसासाठी तो शिवलेला नाही. खांद्याची शिवण दंडावर उतरली आहे, बाही बोटांवर आली आहे. रांगेतले बाकीचे कोट बघ, कुठे चुणी नाही. असे कोट शिवणारा शिंपी एकालाच पोत्यात घालील होय? टोकाला उभा म्हणून पायही दिसतात, ते बघ. बाकीच्यांना बूट, आणि याच्या पायात कापडी जोडे. शिवाय बाहीतून जेवढं मधलं बोट डोकावतंय, त्यावर काहीतरी चकाकतंय. पेपरात नुसता ठिपका आहे, मूळ फोटोत बघून ये. पैज लावतो, अंगुस्तान आहे. सुई टोचू नये म्हणून घातलेलं ते टोपण बाबा जेवायला बसले तरी बोटात असायचं आणि आई रोज ओरडायची.

तू होस्टेलवर असताना आईने मला एक गोष्ट सांगितली होती. बाबा नवा कोट पोचवायला गेले, तर फोटोची तयारी झालेली. ज्याचा कोट, तोच तापाने इस्पितळात. रांग एका बाजूने लंगडी दिसते म्हणून कर्नलने बाबांच्याच अंगावर तो कोट चढवून त्यांना टोकाला उभं केलं. मला तेव्हा ती आईची थाप वाटली होती.

मात्र ताई, त्या बिगुलवाल्याचंही कुणी असेल. जरा जपून बोल. तुझ्या जिभेची धार मला ठाऊक आहे, त्यांना नाही.

मुलांचे तुला नमस्कार. आहे तशी माया ठेव, ओरडणं थोडं कमी केलंस तरी चालेल.

तुझा,
बटण

दि. १९ जानेवारी

चि. बटण यास अ. उ. आ.

अंगुस्तानच! मेजरला मूळ फोटो कपाटातून काढायला लावला, भिंग त्याच्या हातात दिलं आणि बोट दाखवलं. तो बराच वेळ वाकून बघत राहिला. वर आला तेव्हा मी आज्जीची बाई झाले होते.

पण पुढचं ऐक. म्हणाला, तसं असेल तर उजवी कडा कापून टाकू, म्हणजे वादच नको. कालपर्यंत एका बिल्ल्यासाठी माणूस ठेवला होता, आता तो माणूस नको म्हणून बिल्लाही नको! मी पर्स मांडीवर घेऊन तिथेच बसून राहिले. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी मला गणितापेक्षा ताठ बसायलाच जास्त शिकवलंय. शेवटी त्याने मला त्या बिगुलवाल्याचं सांगितलं. तो त्या तापातून उठलाच नाही. त्याची मुलगी त्याच्यामागे जन्मली. त्याचा दुसरा फोटो कुठेच नाही, म्हणून संग्रहालयाने हाच मोठा करून तिला पाठवला, आणि तिने तो फ्रेम करून घेतला.

माझा राग जरा अडखळला. जराच. खोट्या चेहऱ्यावर कुणाला समाधानी ठेवणं मला जमणार नाही, आणि बाबांना कापू देणं तर नाहीच नाही. मी तिला सरळ पत्र लिहिलंय, तुझ्या शिवणी-बाह्यांसकट. धार पुसून लिहिलंय, काळजी नको.

गुडघे शेकत जा. माझी आठवण काढत जा, शिव्या देत काढलीस तरी पोचेल.

तुझी,
ताई

दि. २७ जानेवारी

आदरणीय बाईंना स. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून मी तुमच्यावर फार चिडले. टेलिफोन ऑफिसात जन्म गेला. वाईट बातमी सांगणाऱ्यावर रागवायचं नसतं हे मला इतरांपेक्षा जास्त कळतं. तरी चिडले. फ्रेम टेबलावर पालथी घातली.

फोटो आल्यापासून मी रोज सकाळचा चहा त्या चेहऱ्यासमोर बसून घेत होते. सगळं बोलत होते. माझ्या जावयाच्या झाडून साऱ्या तक्रारी आता तुमच्या वडिलांना ठाऊक आहेत. त्यांनी मुकाट्याने ऐकल्या, त्याबद्दल आभार.

आई सांगायची, हे दारातून वाकून आत यायचे. फोटोतला माणूस तर कोटात बुडालेला. तापाने वाळले असतील अशी मीच माझी समजूत काढली होती. तुमच्या पत्राने ती गाठ सुटली. संध्याकाळी फ्रेम पुन्हा उभी केली.

आता एक विचारते. कोट माझ्या वडिलांच्या मापाचा असेल, तर तुमचे भाऊ फोटो बघून सांगू शकतील का, की ते केवढे होते? चेहरा राहू दे. पण नेमके केवढे होते, एवढंही मला आजवर कुणी सांगू शकलेलं नाही.

नाव बदलायला माझी हरकत नाही. कडा कापायला आहे, आणि तसं मी मेजरसाहेबांना लेखी कळवलंय. माझ्याकडे वडिलांचा फोटोतला तेवढा कोटच उरला आहे.

ओळख नसताना एवढं लिहिलं. राग नसावा, माझाही गेला आहे.

आपली,
बिगुलवाल्याची मुलगी

दि. ६ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

त्या बाईंचं पत्र तू पाठवलंस, ते वाचून मी दिवसभर खुर्चीतून उठलो नाही. घरच्यांना वाटलं, गुडघा.

बाबांचे कपडे शेवटपर्यंत मीच शिवले. वयाने पोट बदलतं, खांदा आणि हात बदलत नाहीत. बाबांच्या अंगावर तो कोट कुठे किती उतरलाय हे बघितलं की मूळ माणसाचं माप निघतं. नुसते आकडे घेऊन त्या बाई काय करणार? म्हणून जुन्या जाड चादरीचा कच्चा कोट बेतून, टाके घालून तुझ्याकडे पाठवतोय. मशीन वर्षानुवर्षं झाकलेलं होतं, ते पुसलं. सूनबाई बघत उभी होती.

त्यांना सांग, माणूस चांगला दांडगा होता.

जिव्हाळा असू दे, पार्सल पोचल्याचं कळव.

तुझा,
बटण

दि. १७ फेब्रुवारी

चि. बटण यास अ. उ. आ.

मेजर वठणीवर आला. फोटो पूर्ण छापला जाईल, आणि उजव्या टोकाखाली लिहिलं जाईल: अमुक अमुक, पलटणीचा शिंपी, अमुक अमुक या बिगुलवाल्याच्या कोटात. दोन्ही नावं पूर्ण, सारख्याच टायपात. मी स्वतः लाल शाईने तपासलंय. सैनिक नसलेल्याला ठेवायचं कशाला, असं त्याने शेवटचं विचारून बघितलं. मी म्हटलं, या रांगेत प्रत्येकाच्या पाठीवर तोच आहे, किती जणांना कापाल? त्याने पुन्हा पाणी मागवलं. या वेळी स्वतःसाठी.

आणि काल ती आली. पत्रावरून मला ती लहानखुरी, हळवी बाई वाटली होती. दार उघडलं, तर ती चौकटीतून वाकून आत आली.

तुझा चादरीचा कोट मी खुंटीला लावून ठेवला होता. तिने त्याला लगेच हात लावला नाही. मग पदर खोचला आणि कोट घातला. बटण, खांद्याची शिवण बरोब्बर खांद्यावर बसली. मी मागून पाठ बघितली, बाबा बघायचे तशी, मान कलती करून. कुठे चुणी नव्हती.

बाही तेवढी बोटभर लांब आली. मी म्हटलं, आमच्या बटणाचा अंदाज हुकला, आत्ता टाका घालून देते. तिने हात मागे घेतला. म्हणाली, राहू दे. तेवढे ते माझ्याहून मोठे.

मशीन पुन्हा झाकू नकोस. माझ्यावरचा लोभ तुझ्या मापाने बेत, बोटभर लांब झाला तरी मी कापणार नाही.

तुझी,
ताई