वामनरावांचं मौनव्रत

५ ऑगस्ट, सोमवार
यांनी मौन धरलं. सकाळीच शाळेतली जुनी पाटी काढून लिहून दाखवलं — 'शब्द हेच बंधन.' नाव श्रावणाचं. खरं कारण काल संध्याकाळचा फोन. पौर्णिमानं नवऱ्याचं घर सोडलं. पातूरहून निघून अकोल्यात खोली घेतली. कुलदीप पिऊन मारतो. स्थळ यांनीच आणलेलं — घरची काळी जमीन, पोरगा निर्व्यसनी! आम्ही दोघी मायलेकी नको म्हणत होतो. पोरगी काल एवढंच म्हणाली, "बाबा, एकदा म्हना, माहं चुकलं. मंग मी काईच मागत नाई." यांनी फोन ठेवला. रात्रभर कूस बदलत होते. सकाळी बंधन सापडलं.

७ ऑगस्ट
हेडमास्तर होते तेव्हा शाळेचा निकाल चांगला लागला की कर्मयोग. वाईट लागला की पोरांचं प्रारब्ध. दूरवर बदली झाली तेव्हा जग मिथ्या होतं. बदली रद्द झाली त्या संध्याकाळी पुन्हा खरं झालं — पेढे आणले.

८ ऑगस्ट
शेजारचे मोतीराम पाया पडून गेले. "वहिनी, वामनरावायच्या चेहऱ्यावर तेज येऊन रायलं. पाहा." पाहिलं. लग्नानंतर भाजीत मीठ जास्त पडलं होतं, तेव्हा आठवडाभर हेच तेज होतं. आमच्याकडे त्याला रुसणं म्हणत.

१२ ऑगस्ट, सोमवार
तालुक्याहून, तिवशाहूनही माणसं येऊ लागली. नारळ, केळी. केळी फार झाली.

१५ ऑगस्ट
पौर्णिमा आली. बैठकीत पाचसहा भक्त. तिच्या गालावरचा डाग अजून निळा. कोणाकडे न पाहता ती यांच्यासमोर बसली. खडू यांच्या हातात दिला.

"नका बोलू, बाबा. लिहा तरी."

यांनी पाटी मांडीवर ओढली. मला वाटलं, आता लिहितील. खडू पाटीवर टेकला, थांबला. भक्त मान लांब करून पाहत होते. मग यांनी लिहिलं — 'क्षमा हाच स्त्रीचा धर्म. घरी परत जा.'

"वा," मोतीराम म्हणाले.

पौर्णिमा रडली नाही. उठून माझ्याकडे आली. "आई, चाल माह्यासंग."

"अगं, यांचा चहा —" माझ्या तोंडून निघालं. तिनं चपला घातल्या. मी आत जाऊन पिशवी भरली. हे दारापर्यंतसुद्धा आले नाहीत. डोळे मिटून बसले होते.

१८ ऑगस्ट, अकोला
सकाळी यांचा फोन. इतक्या दिवसांनी आवाज ऐकला.

"साखरेचा डबा कुठी ठेवला?"

मी एक शब्द बोलले नाही. मौनात खरंच सुख आहे.