डाउनपाइप: एका दुपारचं काम

२ नोव्हेंबर, रविवार

निर्णय पक्का. पिकअपच्या टर्बोंना लागलेले, इंजिनाचा धूर खाली नेणारे दोन्ही डाउनपाइप मी स्वतः बदलणार. घरीच. सकाळी गाडी चालू केली की टिकटिक ऐकू येते आणि आत धुराचा वास येतो. पाइपला चीर गेली आहे. एकवीस वर्षं काउंटीच्या रस्त्यांवरचा बर्फ काढायचा ट्रक चालवलेल्या माणसाला एवढं कानाने कळतं.

ब्रिटाला, म्हणजे आमच्या एकुलत्या एका मुलीला, २४ तारीख दिली आहे. बाळंतपण फार्गो शहरात, त्यानंतर महिनाभर मायलेकरं आमच्याकडे. त्यांची गाडी दोन दारांची, खेळण्यातली. तेव्हा आणायला मी जाणार, माझ्या पिकअपने. ब्रिटा फोनवर म्हणाली की वास येत असेल तर बाळ त्या गाडीत बसणार नाही. बरोबर बोलली. माझीच मुलगी.

माझ्या बायकोचं, आर्डिसचं म्हणणं, वेंडेलला सांग. वेंडेल तिचा भाऊ. गावात त्याचं गॅरेज आहे. सहा वर्षांपूर्वी थँक्सगिव्हिंगच्या जेवणात तो सगळ्यांदेखत म्हणाला होता, नट कुठल्या बाजूला फिरवला की सैल होतो ते डेलमारला, म्हणजे मला, विचारून बघा. चौदा माणसं हसली. त्यात पास्टरसुद्धा. तेव्हापासून आम्ही बोलत नाही. पण तो विषय मी केव्हाच विसरलो.

५ नोव्हेंबर, बुधवार

नवे पाइप आले. सुंदर आहेत. जेवणाच्या टेबलावर ठेवले होते, आर्डिसने हलवायला लावले.

व्हिडिओ तीनदा पाहिला. ॲरिझोनातला एक माणूस हेच काम दोन तास चाळीस मिनिटांत करतो. त्याची गाडी खालूनही चकचकीत. मी तीन तास धरलेत, मध्ये कॉफी घेणार म्हणून.

८ नोव्हेंबर, शनिवार

आज हरणांच्या शिकारीचा पहिला दिवस. सगळा गाव बंदुका घेऊन झाडांवर चढून बसलाय. मी नातवंडासाठी त्याग केला.

आमचं गॅरेज अरुंद, दोन गाड्या एकामागे एक लागतात. आर्डिसची आत, माझी तिच्या मागे, दारात. आर्डिसने विचारलं की मग माझी गाडी बाहेर कशी काढायची. म्हटलं, दुपारपर्यंतचा तर प्रश्न आहे.

पिकअप जॅकने उचलून स्टँडवर ठेवली. पुढची चाकं काढली, चाकांवरचं प्लॅस्टिक काढलं. इथपर्यंत ॲरिझोनावाल्यापेक्षा सरस.

प्रत्येक पाइपला तीन नट. उजवीकडचा पहिला निघाला. दुसरा निघाला. तिसरा लोण्यासारखा फिरला. फारच लोण्यासारखा. नट हातात आला आणि त्याच्याबरोबर अर्धा बोल्टही. उरलेला अर्धा आत.

तीनपैकी दोन यशस्वी. शाळेत एवढ्यावर पास करतात.

९ नोव्हेंबर, रविवार

चर्चला गेलो नाही. तुटक्या बोल्टवर दर तासाला तेल मारायचं होतं.

दोष गंजाचा आहे. इथल्या रस्त्यांवर बर्फ वितळावा म्हणून हिवाळाभर जे मीठ पडतं त्याने गाड्या खालून सडतात. आर्डिस म्हणाली, एकवीस वर्षं ते मीठ टाकत कोण होतं? मीठ काउंटीच्या हुकमाने पडतं. ट्रक चालवणाऱ्याचा त्यात काही संबंध नाही.

१० नोव्हेंबर, सोमवार

रात्रीत फूटभर बर्फ. आर्डिस शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते, तिला साडेसहाला निघावं लागतं. सकाळी ती किल्ली हातात घेऊन गॅरेजच्या दारात उभी राहिली. मग किल्ली परत खुंटीला लावली आणि व्हर्नाला फोन केला. व्हर्ना ओडेगार्ड आमची शेजारीण, अर्ध्या मैलावर राहते, दिवसभर बोलते. ती घेऊन गेली.

आर्डिस मला काही बोलली नाही. तिच्या न बोलण्याचे प्रकार आहेत. हा त्यातला वाईट प्रकार.

उद्या नक्की संपवतो.

१२ नोव्हेंबर, बुधवार

तुटका बोल्ट काढायचं एक हत्यार मिळतं. बोल्टला भोक पाडायचं, त्यात ते उलटं पिळत न्यायचं, बोल्ट बाहेर येतो. ते मागवलं, आलं, पिळलं. ते आत मोडलं. आता बोल्टच्या पोटात हत्यार, आणि ते इतकं कडक की त्यावर ड्रिल चालत नाही.

मी न विचारता आर्डिसने वेंडेलचा निरोप दिला: तुटक्या बोल्टवर नवा नट वेल्डिंगने चिकटवायचा, लोखंड तापतं आणि सगळं फिरून येतं. मी म्हटलं, धीर नसलेली माणसं असं करतात. शिवाय वेल्डिंगचं मशीन माझ्याकडे नाही, हे तिला सांगायची गरज नव्हती.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

थंडी. पाना हाताला चिकटतो. आज फक्त विचार केला. विचार हेही कामच आहे.

१५ नोव्हेंबर, शनिवार

मोठं यश. डावा पाइप निघाला! तिन्ही नट अखंड. जागा व्हावी म्हणून स्टीअरिंगचा दांडा सोडवावा लागला, पण नवा पाइप बसला. आरशासारखा चमकतोय. आर्डिसला बोलावून दाखवला.

तिने विचारलं, अर्धी गाडी चालते का? म्हटलं, नाही. मग निदान ती ढकलून बाहेर काढ, म्हणजे माझी निघेल. म्हटलं, स्टीअरिंग सुटलेलं आहे, चाकं काढलेली आहेत, दारापुढे दीड फूट बर्फ आहे. जरा समजून घे.

मग ती कामाच्या पेटीवर बसली. सोमवारपासून ती व्हर्नाच्या वेळेने जाते आणि व्हर्नाच्या वेळेने येते. वाचनालय नाही, गुरुवारची गोधडी-मंडळी नाही. गावापासून चौदा मैलांवर आणून मला कोंडून ठेवलंस, म्हणाली. मी म्हटलं, कोंडलंय हिवाळ्याने.

"डेलमार, हे पाइपांचं नाहीये," ती म्हणाली.

"मग कशाचं आहे?"

"उद्या सकाळी वेंडेलला फोन कर. नाहीतर मी करते."

मी म्हटलं, सोमवारपर्यंत थांब. ती थांबेल. गेली चौतीस वर्षं थांबतेय.

१७ नोव्हेंबर, सोमवार

सोमवार म्हणजे आठवड्याची सुरुवात. 'सोमवारपर्यंत' याचा अर्थ त्या आठवड्यात कधीही असाच होतो. आर्डिसला तो मान्य नाही.

नवी युक्ती सापडली. तुटका बोल्ट खालून निघत नाही, कारण आपण खालून काढतोय. उद्या वरून.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

डाव्या हाताने लिहितोय. अक्षराकडे दुर्लक्ष करावं.

सकाळी आठ-चाळीसला उजव्या चाकाच्या जागेतून हात घातला, चासीच्या वरून, टर्बोच्या मागे. खांद्यापर्यंत गेला. बोटांना बोल्टचं टोक लागलंसुद्धा. युक्ती बरोबर होती, याची नोंद असावी.

हात परत आला नाही. जॅकेटची बाही उष्णता अडवणाऱ्या पत्र्यात शिरली आणि कोपर पलीकडे वाकून बसलं. ओढलं की पत्रा दंडात रुततो, ढकललं की कोपर लोखंडात. मी गुडघ्यांवर, गाल मडगार्डला टेकलेला. घाबरलो नव्हतो. परिस्थितीचा अभ्यास करत होतो.

नऊ-वीसला स्वयंपाकघरात फोन वाजला. दार उघडं होतं, निरोप घेणाऱ्या मशीनवर ब्रिटाचा आवाज आला. डॅड, फोन उचल ना, कळा सुरू झाल्यात, आम्ही हॉस्पिटलला निघालोय. मी ओरडून म्हटलं, छान! मशीनने बीप केलं.

साडेनऊला पुन्हा. आर्डिस, शाळेतून. वेंडेल मला घ्यायला येतोय, बॅग घ्यायला घरी थांबू, तूही चल, कपडे बदलून ठेव. मी "हो" म्हणालो. मशीनला.

पाऊण तास खूप ओढून पाहिलं.

सव्वादहाला अंगणात वेंडेलचा ट्रक आला. आर्डिस वर गेली, कपाटं वाजली, मग तिने स्वयंपाकघरातूनच हाक मारली की येतोयस ना. तेव्हा खरं सांगायला हवं होतं. चार शब्द. पण बाहेर वेंडेलचं इंजिन चालू होतं, आणि मला ती चौदा माणसं आठवली.

म्हटलं, तुम्ही व्हा पुढे. ऐन मोक्याचं काम आहे. संध्याकाळपर्यंत माझ्या गाडीनेच येतो.

ती काही वेळ तिथेच उभी होती. मला दिसत नव्हती, पण बुटांचा आवाज आला नाही. मग आला.

त्यानंतर गॅरेजच्या बाजूच्या दारातून वेंडेल आत आला. कशाला आला माहीत नाही. माझ्या पायांजवळ उभा राहिला. सहा वर्षांत पहिल्यांदा बोलला.

"हात अडकलाय?"

"नाही."

"बरं."

गेला नाही. हीटर ओढून माझ्या पाठीशी आणला. आत जाऊन स्वयंपाकघरातला बिनतारी फोन आणला आणि माझ्या डाव्या हाताला लागेल असा जमिनीवर ठेवला. मग गेला. आर्डिसला त्याने काही सांगितलं नसावं, कारण ती परत आली नाही.

फोन जवळ होता. मी केला नाही. आता सुटेल, मग सुटेल. गुडघे बधिर झाले. बोटं जागेवर आहेत की नाहीत ते कळेना. एकदा मोठ्याने हाक मारली, कोणालाच नाही, नुसतं आवाज आहे का ते बघायला. गॅरेजमध्ये आर्डिसची गाडी, माझी गाडी आणि मी, तिघं एकामागे एक. कोणालाही निघता येत नव्हतं.

एक वाजता फोन वाजला. जावई, टोबायस. मुलगी झाली, साडेसात पौंड, दोघी ठीक. तो रडत होता. मीही जरा. त्याने विचारलं, तुम्ही कुठे आहात?

"गाडीतच आहे," म्हटलं.

हे खोटं नव्हतं.

फोन ठेवल्यावर व्हर्नाला लावला. ती भांड्यांच्या साबणाची बाटली आणि शिवणाची कात्री घेऊन आली. बाही कापली, दंडावर अख्खी बाटली ओतली, माझा पट्टा धरून मागे खेचलं. पूर्ण वेळ तिच्या भाचीच्या घटस्फोटाबद्दल बोलत होती. एक-पन्नासला सुटलो.

तिने दवाखान्यात नेलं. कोपर मुरगळलंय, हात झोळीत, तीन आठवडे काही उचलायचं नाही.

आठवण: व्हर्नाला साबणाची बाटली आणून देणे.

२० नोव्हेंबर, गुरुवार

काल लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही नव्हतं. होतं, पण लिहिलं नाही.

काल सकाळी वेंडेल आला. आर्डिस फार्गोलाच राहिली. मी बोलावलं नव्हतं, त्यानेही विचारलं नाही. ट्रकमधून वेल्डिंगचं मशीन उतरवलं, तुटक्या बोल्टवर नट चिकटवला, थांबला, फिरवला. चाळीस मिनिटं, त्यात माझी कॉफी पिण्याची दहा. उजवा पाइप काढून माझ्या डाव्या हातात दिला.

मी पाइप खिडकीकडे नेऊन चीर शोधायला लागलो. सापडेना. शनिवारी काढलेला डावा आणला, त्यालाही नाही. दोन्ही गंजलेले, पण धडधाकट.

वेंडेलने टॉर्च आणि छोटा आरसा आत धरला आणि मला वाकायला लावलं. पाइपच्या वर, टर्बोच्याही वर, इंजिनाचा धूर टर्बोकडे नेणाऱ्या मॅनिफोल्डवर काजळीचा काळा पट्टा. चीर तिथे. पाइपांना काहीच झालं नव्हतं.

मला वाटलं आता हसेल. मी तयार होतो. त्याने आरसा पुसून खिशात ठेवला. हसला असता तर बरं झालं असतं.

मॅनिफोल्ड यायला दहा दिवस. स्टीअरिंग जोडून त्याने पिकअप ओढत आपल्या गॅरेजला नेली. तो गेल्यावर मी आर्डिसच्या गाडीमागची रिकामी जागा झाडून काढली. एका हाताने वेळ लागतो.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार, दुपारी अडीच

वेंडेलच्या ट्रकमध्ये. लेकीला आणायला आम्ही दोघं सकाळी निघालो. तो चालवत होता. पहिले पन्नास मैल रेडिओवर हवामान ऐकलं. नंतर बीटच्या शेतांपाशी मी म्हटलं, मंगळवारी हात अडकला होता.

"हो," वेंडेल म्हणाला. मग त्याने विचारलं, "दुखतोय?"

म्हटलं, दुखतोय.

हॉस्पिटलात ब्रिटा माझ्या झोळीकडे बघत राहिली. आर्डिसने तिला आधीच सगळं सांगितलं होतं, म्हणजे व्हर्नाने आर्डिसला सांगितलं होतं. बाळ सगळ्यांनी घेतलं. वेंडेलनेसुद्धा, इंजिन उचलावं तसं, दोन्ही हातांनी. मला उचलायची मनाई. माझ्यासमोर धरून दाखवलं. नाक आर्डिसचं आहे.

आर्डिस माझ्याशी बोलली. म्हणाली, तुझा मोजा उलटा आहे. मग खाली बसून तिने तो नीट केला, कारण मला एका हाताने जमेना.

टोबायस त्याच्या छोट्या गाडीत सामान भरून मागून येतोय. ब्रिटा पुढे, वेंडेलशेजारी. मागे खिडकीला आर्डिस, मध्ये बाळाची खुर्ची, इकडे मी. खुर्ची प्रचंड आहे. दुखरा हात दाराला चिकटलाय, गुडघे पुढच्या सीटमध्ये रुतलेत, वही मांडीवर तिरकी. बाळ झोपलंय. तिचा पाय माझ्या बरगडीला लागतो, म्हणून श्वास जरा बेताने घेतोय.

वेंडेलने आरशातून विचारलं, मागे जागा आहे ना?

भरपूर आहे, म्हटलं.

घर अजून ब्याऐंशी मैल.