हरणाचा दुसरा तुकडा

अस्मिता,

चिमीला पोहण्याच्या क्लासला घेऊन निघालोय. तिचे टॉग्ज, म्हणजे पोहण्याचे कपडे, घेतलेत.

परवा तू डोंगरातून हरीण मारून आणलंस आणि त्याच्या पाठीखालचा सगळ्यात कोवळा तुकडा मी मटणासारखा कुकरात घालून पाच शिट्ट्या काढल्या. पार रबर झालं. तुझ्या नवऱ्यानं ताट बाजूला सारलं, तू मात्र "छान झालंय, बाबा" म्हणत सगळं संपवलंस. आज शेजारच्या ग्रॅहमनं हे ऐकून कपाळावर हात मारला; तो तुकडा तव्यावर नुसता भाजायचा असतो म्हणाला. सासऱ्याला अडवणं तुला जड गेलं असणार.

एका हरणात असे दोनच तुकडे निघतात. दुसरा फ्रिजमधून काढून ओट्यावर झाकून ठेवलाय. वरचा पांढरा पापुद्रा सोललाय, मसाल्याला हात लावलेला नाही. मीठ-मिरी तूच लाव. बिडाचा तवा चांगला तापव, दोन्हीकडून दोन-दोन मिनिटं भाज आणि कापण्याआधी पाच मिनिटं तसाच राहू दे. हे तुला ठाऊकच असेल म्हणा.

तू शिकारीला निघालीस तेव्हा मी म्हणालो होतो, हे बाईमाणसाचं काम नव्हे. तीस किलो मांस पाठीवर घेऊन तो उतार माझ्या तरुणपणीही मला झेपला नसता. काल नागपूरला धाकट्या भावाला फोनवर सांगितलं, आमच्या सुनेनं हरीण मारलं. तो घाबरून म्हणाला, "दादा, हळू बोल." तिकडच्यासारखी इथं परदेशात हरणाच्या शिकारीला बंदी नाही, म्हणून मी पुन्हा मोठ्यानं सांगितलं.

माझे दोन काप ठेव. आतून लाल असले तरी खाईन.

— बाबा