पत्राची मागची बाजू

४ नोव्हेंबर
मुंगी येऊन गेली. दादाची मुलगी, माझी भाची. तिशी गाठली तरी दादाने ठेवलेलं नाव सुटत नाही.

दादा जाऊन वर्ष झालं, आता त्याच्या पत्रांचं पुस्तक निघतंय. त्याच्या संस्थेने काम मुंगीवरच टाकलंय. काम काही थोडंथोडकं नाही! लोखंडाला गंज का चढतो यावर दादाने जन्म काढला, देशोदेशीचे जहाजवाले त्याचा सल्ला घ्यायचे. घरच्या फाटकाची कडी गंजून गळून पडली, ती मात्र पडलीच.

मुंगी म्हणाली, लोकांकडून ढिगाने पत्रं आलीत. कुठल्याशा शिपायाच्या सायकलीचीसुद्धा चौकशी केलीय बाबांनी. माझं नाव कुठेच नाही. हसत म्हणाली. तिला मी पाळण्यापासून ओळखते, ते हसू नव्हतं.

मी बोलून गेले – माझ्याकडच्या पत्रांत आहेस की. भरपूर आहेस.

कप तसाच हातात राहिला पोरीच्या. "आत्या, खरंच?"

शुक्रवारी येते म्हणाली. दोघी मिळून बघू, तोवर कशाला हात लावू नकोस.

५ नोव्हेंबर
हात लावला. एवढ्या वर्षांनी पत्रं उघडली आणि पहिल्याच बाजूला घाम फुटला. सगळी मी तिथे होते तेव्हाची!

माझं मूल गेलं त्यानंतर डोकं ठिकाणावर नव्हतं. मनोरुग्णांच्या इस्पितळात ठेवलं होतं मला. लोकांना सांगितलं, भावाकडे राहायला गेलीय. ही वही लिहायची सवय तिथल्याच डॉक्टरीणबाईंनी लावलेली. दादा दर पत्रात विचारतो – झोप लागते का, गोळ्या थुंकून टाकत नाहीस ना, परवासारखं दार बडवू नकोस गं.

हे छापणार? आणि माझ्याकडे शिवायला टाकणाऱ्या बायका ते वाचणार? सोडा! पुढे वाचवलं नाही. मिटून ठेवली.

६ नोव्हेंबर
विषय मिटवला. शिवणाच्या खडूने खुणा केल्या आणि इस्पितळाचं जेवढं दिसलं तेवढं कात्रीने कापून काढलं. अगदी सुबक, सरळ. तुकडे गॅसवर धरून जाळले. पडदेवाली दारात खोळंबली होती, तिचे पडदेही देऊन टाकले. शुक्रवारपर्यंत जिवाला घोर कोण लावून घेणार!

७ नोव्हेंबर
मी गाढव आहे.

८ नोव्हेंबर
काल पुढे लिहवेना.

पत्रं घडी करून ठेवत होते. एक पान हातातून पडलं, उलटं पडलं. मागेही लिहिलेलं! दादा कागद वाया घालवायचा नाही. पुढच्या बाजूला माझी विचारपूस, मागच्या बाजूला मुंगीचे प्रताप – मला हसवायला. तेव्हा ती वर्षाचीही नव्हती. माझं झाकायला गेले आणि पोरीला कापून टाकलं. एका ठिकाणी 'आज मुंगीने' एवढं उरलंय. पुढे भोक.

जन्मभर कापड कापलं. कापडाची उलट बाजू अस्तराखाली जाते, तिच्याकडे कोण बघतं. हात तसाच चालला. पान उलटून बघायला काय धाड भरली होती मला?

आज शुक्रवार, संध्याकाळी मुंगी आली. मी म्हटलं, कसर लागली गं. तिने पान उजेडात धरलं.

"कसर पट्टी लावून खाते का, आत्या?"

मग सांगितलं. इस्पितळासकट सगळं, भडाभडा. ती ऐकून झाल्यावर म्हणाली, "मला माहीत होतं. मी कॉलेजात असतानाच बाबांनी सांगितलं होतं. ते मी छापणारच नव्हते." आणि मग, "एकदा विचारायचंस तरी."

भोकं पडलेली पानं टेबलावर ठेवून गेली. जिना उतरल्याचा आवाज बराच वेळ आला नाही. दाराबाहेरच उभी असणार. मी दार उघडलं नाही. उघडायला हवं होतं.

११ नोव्हेंबर
कामात लक्ष नाही. दवाखान्याच्या कोटाला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या. उसवत बसले.

उसवून पुन्हा जोडता येतं ते कापड. दादाची पत्रं आठवून बघते. पहिला दात आला आणि दादाचं बोट चावली. शाईची बाटली तोंडाला लावली. बाकी सगळं धुकं. तेव्हा गोळ्यांच्या गुंगीत वाचलेलं, नंतर भीतीने कधी उघडलंच नाही.

१३ नोव्हेंबर
मुंगी आपणहून आली. भांडली असती तर बरं वाटलं असतं. समोर बसली, वही काढली. म्हणाली, आठवेल तेवढं सांग. पुस्तकासाठी नाही, मला हवंय.

दात सांगितला. शाई सांगितली. ती थोडं हसली. पेन धरून तशीच बसून राहिली.

"एवढंच?"

मी म्हटलं, थांब, एक आहे. दादाने लिहिलं होतं – 'प्रयोगशाळेत हल्ली जीव रमत नाही. घरी जाऊन मुंगीला कधी उचलतो असं होऊन जातं.'

लिहिता लिहिता तिचा हात थांबला. पुन्हा सांग म्हणाली, हळू सांग. मी पुन्हा सांगितलं. वही छातीशी धरून गेली. जिना भराभर उतरली.

१५ नोव्हेंबर
मुंगीचा फोन. ते वाक्य तिला पुस्तकाच्या पहिल्याच पानावर घालायचंय, बाबांचं म्हणून. मी बरं म्हटलं.

ते वाक्य दादाचं नाही. तिचं तोंड बघून मीच रचलं. त्याने असं काही लिहिलंही असेल – पण जळालं त्यात काय होतं, आता मलाही माहीत नाही.